ट्रॅव्हल सॉफ्टबॉलच्या ‘२० लाख मुलीं’चा हिशेब जुळत नाही

अमेरिकेत मुलींच्या सॉफ्टबॉलविषयी एक विधान पालकांमध्ये वारंवार फिरते. देशात २० लाख मुली ट्रॅव्हल सॉफ्टबॉल खेळतात, त्या साऱ्या कॉलेजांतील २० हजार जागांसाठी धडपडत असतात आणि म्हणून मुलगी आठ-नऊ वर्षांची असतानाच तिला अशा संघात घातले नाही तर वेळ निघून जाते, असे ते विधान आहे. ट्रॅव्हल सॉफ्टबॉल म्हणजे शाळेच्या संघाबाहेर, खासगी क्लबांनी निवडचाचणी घेऊन बांधलेले, भरपूर शुल्क आकारणारे आणि शनिवार-रविवारी दूरच्या शहरांत स्पर्धा खेळणारे संघ. या विधानाच्या भीतीपोटी कुटुंबे दरवर्षी हजारो डॉलर खर्च करतात, त्यामुळे त्यातील प्रत्येक आकडा तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला आधार सर्वेक्षणाचा सांगितला जातो. स्पोर्ट्स अँड फिटनेस इंडस्ट्री असोसिएशन ही क्रीडासाहित्य उद्योगाची संघटना दरवर्षी पाहणी करते आणि तिच्या अंदाजानुसार गेल्या काही वर्षांत फास्टपिच, म्हणजे चेंडू वेगाने टाकण्याच्या प्रकारचे, सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांची संख्या सुमारे १८ ते २३ लाखांच्या दरम्यान राहिली आहे. ‘२० लाख’ हा आकडा बहुधा येथूनच उचललेला असावा. मात्र त्या पाहणीत सहा वर्षे व त्यापुढील वयाची, वर्षातून एकदा जरी हा खेळ खेळलेली प्रत्येक व्यक्ती मोजली जाते. त्यात प्रौढ आले, मुलगे आले, मोहल्ल्यातल्या हौशी लीगमध्ये खेळणाऱ्या मुली आल्या आणि शाळेच्या मैदानावर दोन-चारदा बॅट फिरवलेल्याही आल्या. ट्रॅव्हल संघात कोण आहे, हे तो आकडा सांगतच नाही.

दुसरा आधार संघांच्या नोंदणीचा आहे. नोंदणी झालेल्या संघांची संख्या घ्यायची, तिला बारा-तेराने गुणायचे आणि खेळाडू मिळवायचे, ही पद्धत सोपी असली तरी तिच्यात एकच संघ अनेकदा मोजला जातो. यूएसए सॉफ्टबॉल, यूएसएसएसए, पीजीएफ, अलायन्स अशा अनेक संस्था स्पर्धांना मान्यता देतात आणि ज्या संस्थेची स्पर्धा खेळायची तिच्याकडे संघाची नोंदणी करावी लागत असल्याने वर्षभर निरनिराळ्या स्पर्धा खेळणारा एकच संघ दोन-तीन याद्यांत सहज येतो. एखादी खेळाडू कमी पडली की दुसऱ्या क्लबातील मुलगी पाहुणी म्हणून घेतात आणि तिचेही नाव दोन ठिकाणी लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस निवडचाचण्यांनंतर संघ फुटतात, नव्या नावाने उभे राहतात. शिवाय यूएसए सॉफ्टबॉलकडे प्रौढांचे स्लोपिच, म्हणजे चेंडू हळू टाकण्याच्या प्रकारचे, संघही असतात आणि यूएसएसएसए तर बेसबॉलसह अनेक खेळ चालवते. त्यांची एकूण सदस्यसंख्या या प्रश्नासाठी निरुपयोगी आहे.

जुलैच्या आरंभी डेन्व्हर शहराच्या परिसरात ट्रॅव्हल स्पर्धांसाठी शेकडो संघ जमतात, त्या गर्दीचा दाखलाही दिला जातो. ती गर्दी खरीच असते, पण शेकडो संघ म्हणजे काही हजार मुली. लाखांचा पुरावा त्यातून मिळत नाही.

खरी कसोटी लागते ती शालेय आकड्यांवर. राज्य शालेय संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या वार्षिक गणनेत हायस्कूलच्या चार इयत्तांत मिळून फास्टपिच खेळणाऱ्या मुली अलीकडे साडेतीन लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे एका वयोवर्षाला साधारण ८६ हजार. अमेरिकेत एकेका वयाच्या मुली सुमारे २० लाख असतात हे लक्षात घेतले, तर हायस्कूलमध्ये तेवीस-चोवीस मुलींमागे एक सॉफ्टबॉल खेळते. आता यातील प्रत्येक मुलगी ट्रॅव्हल संघातही आहे, असे विधानाच्या बाजूने मानून चालू. तरीही २० लाख भरण्यासाठी उरलेल्या साडेसोळा लाख मुली ८ ते १४ या सात वयोवर्षांतून आणाव्या लागतील, म्हणजे प्रत्येक वयाला जवळपास २ लाख ३५ हजार. आठ वर्षांच्या चिमुरड्यांसह दर आठ-नऊ मुलींमागे एक शुल्क भरून गावोगावी स्पर्धा खेळते, असे मानल्याखेरीज हे गणित जुळत नाही, आणि ते कोणत्याही शाळेच्या वर्गाकडे पाहून पटण्यासारखे नाही.

शिवाय हायस्कूलमधील सगळ्या मुली ट्रॅव्हल खेळतात हे गृहीतही फार उदार आहे. लहान गावांतल्या अनेक शाळांमध्ये संघ भरायलाच मुली कमी पडतात, तेथे येईल तिला खेळवतात. आयोवा राज्यात शालेय हंगामच उन्हाळ्यात असतो, त्यामुळे इतरत्र ट्रॅव्हल संघांची धावपळ चालू असताना तेथील मुली शाळेकडून खेळत असतात.

लहानपणी खेळून हायस्कूलपूर्वी सोडणाऱ्या मुली मोजायला हव्यात, हा आक्षेप योग्य आहे आणि माझ्या अंदाजात मी त्यांना जागा दिली आहे. १५ ते १८ वयात शालेय खेळाडूंपैकी निम्म्या, ११ ते १४ वयात दर वर्षाला ६० हजार आणि ८ ते १० वयात दर वर्षाला २५ हजार धरल्यास बेरीज पाच लाखांच्या थोडी आत येते. ही माझी गृहीतके आहेत. ती सढळ हाताने वाढवून मोठ्या मुलींत तीन-चतुर्थांश, मधल्या वयात ८६ हजार आणि लहानांत ४० हजार धरले, तरी सव्वासात लाखांच्या आसपासच पोहोचता येते.

विधानाचा उरलेला भाग मला अधिक घातक वाटतो. एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेत कॉलेजांचे तीन विभाग आहेत; त्या तिन्ही विभागांत मिळून सॉफ्टबॉलच्या खेळाडू २० हजारांच्या किंचित पुढे आहेत हे बरोबर; परंतु त्या चार वर्षांच्या विद्यार्थिनी असल्याने दरवर्षी नव्याने भरल्या जाणाऱ्या जागा साधारण पाच-सहा हजार असतात आणि त्यांच्यासाठी स्पर्धा करतात त्या त्या वर्षी हायस्कूल संपवणाऱ्या मुली. आठ वर्षांची मुलगी त्या रांगेत उभीच नसते. हायस्कूलच्या खेळाडूंपैकी पाच-सहा टक्के एनसीएएमध्ये पोहोचतात; एनएआयए ही कॉलेजांची दुसरी क्रीडा संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे यांच्या जागा त्याखेरीज आहेत. विधानातून सुचणारा शंभरात एक हा हिशेब म्हणूनच चुकीचा ठरतो.

पण जागा आणि शिष्यवृत्ती यांत फरक आहे, आणि तो पालकांना क्वचितच सांगितला जातो. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच मिळत नाही. पहिल्या विभागात अनेक वर्षे एका संघाला कमाल १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या वीसेक खेळाडूंत वाटल्या जात, त्यामुळे ‘शिष्यवृत्ती मिळाली’ म्हणणाऱ्या बहुतेकींना खर्चाचा काही भागच मिळत असे. क्लबने २० लाखांचा आकडा सांगून शुल्क मागितले, तर गेल्या वर्षी त्यांच्या १८ वर्षांखालील संघातील किती मुली कोणत्या विभागात गेल्या आणि प्रत्येकीच्या फीपैकी किती रक्कम सॉफ्टबॉलमुळे माफ झाली, हे पालकांनी त्यांच्याकडे लेखी मागावे.