टंचाई पिकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

समजा, उद्या एखाद्या वाढत्या शहराची जमीन तुमच्या हवाली केली. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने आणि कुठे नुसतंच गवत, हे सगळं तुम्ही ठरवायचं. घाबरून जाऊ नका. जमीन वाढवता येत नाही असं सगळेच सांगतात, पण ती कमी मात्र करता येते आणि त्यासाठी एक गुंठासुद्धा जागचा हलवावा लागत नाही. नकाशा, रंगपेटी आणि भरपूर वेळ एवढं भांडवल पुरतं. त्यातून तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर भाग्यवान आहात, या विद्येची आपल्याकडे दांडगी परंपरा आहे.

सुरुवात वेळेपासून करा. शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. नवशिक्याला वाटतं की ती वीस वर्षं सुरू व्हायच्या आत आराखडा तयार हवा. ही घातक समजूत आधी डोक्यातून काढा. कुठे काय होणार हे सगळ्यांना आधीच कळलं तर ज्याला आधी कळतं त्याचं काय राहिलं? मुंबईचा १९८१ ते २००१ चा आराखडा पाहा. त्याच्या मंजुरीला १९९१ उजाडलं, आणि तीही तुकड्यातुकड्यानं १९९४ पर्यंत येत राहिली. पुण्यानं हा कित्ता इमानदारीनं गिरवला. २००७ ते २०२७ चा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. निम्मी मुदत उलटल्यावर नियोजन केलं की अंदाज चुकत नाहीत. जिथे इमारत उभी राहिलेली दिसते तिथे रहिवासी क्षेत्राचा पिवळा रंग भरला की झालं.

आराखडा अगदीच वेळेवर आला तर त्यात चुका तरी भरपूर असू द्या. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते आणि वारसा वास्तूंचा पत्ता नव्हता. एप्रिलमध्ये तो दुरुस्तीला परत गेला आणि लागू व्हायला २०१८ चा सप्टेंबर लागला. तीन वर्षांहून जास्त मुदत, एकही फाइल न दडपता! हरकती-सूचनांना मात्र कधी नाही म्हणू नका. हजारो येऊ द्या, सुनावणीला दालनाबाहेर रांग लावा, प्रत्येकाचं दोन मिनिटं मनापासून ऐका. लोकांना बोलून बरं वाटतं.

आता आरक्षणं, म्हणजे खासगी जमीन नकाशावर सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं. यात हात आखडता घेऊ नका. भूसंपादनाला पैसे लागतात, रंगाला लागत नाहीत. बाग, शाळा, दवाखाना, भाजी मंडई, क्रीडांगण, अग्निशमन केंद्र, जे सुचेल ते टाका. ज्याच्या जमिनीवर ते पडेल त्याला घर बांधता येत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही, बँक दारात उभी करत नाही. तो दहा वर्षं वाट पाहतो. मग नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची, 'जमीन घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस देतो. त्यानंतर पालिकेला आणखी चोवीस महिने मिळतात. बावीस महिने ती नोटीस टपालात मुरू द्या आणि तेविसाव्या महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे संपादनाचा प्रस्ताव धाडा. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये या खेळातली मजा थोडी घालवली आहे. नुसता प्रस्ताव धाडणं हे संपादनाचं पाऊल नव्हे, असं ठरलं आहे. तरी बारा वर्षं कुठे गेली नाहीत. तेवढ्या काळात त्या क्रीडांगणावर गॅरेज निघतं, शेजारी रोपवाटिका, मागे भंगारचं दुकान आणि जागा ऐसपैस असेल तर लग्नाचं लॉन. मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. नकाशात पाहाल तर शहर हिरवंगार दिसतं.

गरिबांचा कळवळा विसरू नका, त्याच्याइतकं टंचाईचं खत दुसरं नाही. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत पाचशे चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन सरकारनं घ्यायची आणि त्यातून सामान्यांची घरं उठवायची, असा बेत होता. घडलं ते याहून बहारदार. जमिनी सरकारकडे फारशा आल्या नाहीत आणि बाजारातूनही गेल्या. मालकांनी खटले लढवले किंवा कलम २० ची सूट मिळवली. म्हणजे आधी सर्वांना बंदी आणि मग निवडकांना मोकळीक. केंद्रानं १९९९ मध्ये हा कायदा मागे घेतला, तरी आपण तो २००७ च्या नोव्हेंबरपर्यंत उराशी धरून ठेवला, तोही केंद्राच्या निधीची अट आडवी आली म्हणून सोडला.

पण या शास्त्राचा कळस पाहायचा तर गिरणगावात जा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम साधा होता. बंद गिरणीची जमीन विकसित होईल तेव्हा एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. शेकडो एकरांचा मामला, तोही मुंबईच्या मध्यात. इतकी जमीन एकदम घरांना आणि बागांना मिळाली असती तर टंचाईचं काय झालं असतं, कल्पनाच करवत नाही. सुदैवानं २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. तीन वाटे सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत, आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचेच करायचे. म्हणजे गिरणी उभी आहे तोवर तिच्याखालची जागा मोकळी नाही, आणि गिरणी पाडली तरी ती जागा मोकळी झाली असं धरायचं नाही. गिरणीच्या आवारात शेड सोडून राहतं ते काय? चिमणीभोवतीचं अंगण. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही दुरुस्ती वैध ठरवली. आज परळ-लोअर परळला टॉवरच्या काचा पुसणाऱ्या माणसाचे वडील त्याच जागी साच्यावर उभे राहत असतील, तर आपल्याला घर कुठल्या वाट्यातून मिळालं नाही हे त्याला तोंडपाठ असेल. त्याला विचारायला जाऊ नका, उगाच वेळ जातो.

उद्योगांच्या जमिनीला फार डोकं चालवावं लागत नाही. १९६२ पासून एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ आहे. अधिसूचना काढा आणि सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात शेरा मारा. शेतकऱ्याला ना विकता येत, ना कर्ज काढता येत. कारखाना यायचा तेव्हा येईल. नाहीच आला तर पंधरा-वीस वर्षांनी क्षेत्र वगळल्याचा कागद काढा आणि त्याबद्दल स्वतःचा हार घालून सत्कार करून घ्या. आणि शहराच्या पोटातला जो कारखाना खरंच चालू आहे, त्याची जमीन औद्योगिकची रहिवासी करायला परवानगी द्या. कारखाना गावाबाहेर जाईल, कामगार रोज दोन तास बसमध्ये बसेल.

रंग बदलण्याचं काम सर्वांत शेवटी आणि अदबीनं करायचं. शहराच्या वेशीवरचा शेती विभाग हिरवा ठेवा आणि घाई करू नका. तिथला शेतकरी आठ-पंधरा लाख गुंठ्यानं विकून मोकळा होऊ द्या, फेरफार नोंदला जाऊ द्या, सातबारावर नवं नाव चढू द्या. मग त्याच नगररचना अधिनियमाचं कलम ३७ काढा, 'किरकोळ फेरबदल' करा आणि पिवळा रंग द्या. पीक तेच, फक्त कापणी दुसऱ्याची. कुणी विचारलं तर 'सार्वजनिक हित' म्हणा. हित आहेच, ते कुणाच्या सार्वजनिकाचं एवढाच प्रश्न.

इतकं सगळं करूनही माणसं कुठे तरी राहतातच, त्याला इलाज नाही. वेशीबाहेर कुणी तरी शेताचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडतो, बांधावर चुन्याच्या रेघा ओढतो, 'बारा महिने पाणी, हायवे टच' असा फलक लावतो. सात-आठ जण मिळून एका सातबारावर नाव चढवतात, कुणी नुसत्या साठेखतावर समाधान मानतो. दोन वर्षांत रस्ता नाही, गटार नाही, पण पत्र्याची शाळा आणि दोन मेडिकल असलेली वस्ती उभी राहते. तिला घरं कुणी दिली हे विचारायचं नाही. तुमच्या आराखड्यानं तर नाहीच. निवडणूक जवळ आली की तिथे टँकर पाठवा आणि मग नियमितीकरण करा. अशा तुकड्यांसाठी गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये झाला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड नियमित करायचे ठरले. २०२१ च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० वर नेली. पुढची तारीख अजून ठरलेली नाही, पण प्लॉट विकणाऱ्यानं ती गिऱ्हाइकाला सांगून टाकली आहे. तुम्ही फक्त परिपत्रकात तेवढी जागा कोरी सोडा.