सात नंबरचा टोप

शेट्येने शुक्रवारी पहाटे चोर बाजारातून एक पितळी टोप उचलला आणि रविवारी सकाळी तो थेट लालबागच्या आमच्या कट्ट्यावर आणून आपटला. पंचवीसेक माणसांचा भात आरामात शिजेल एवढा. कल्हई पार उडालेली, एका कानाचे दोन रिवेट ढिले. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, पण कोणीतरी कानस मारून ते घासून काढलेलं. वाचता येत होतं फक्त शेवटचं ‘बाई’, आणि त्याच्या शेजारी वेगळ्या हाताने कोरलेलं ‘नं. 7’.

“खानावळीतला आहे,” शेट्ये म्हणाला. “शंभर वर्षं जुना. बाई कर्जात बुडाली, लिलाव झाला. सात नंबर म्हणजे लिलावातला नंबर.”

“शंभर वर्षं तुला कोणी सांगितली?”

“विकणाऱ्याने.”

“मग झालंच,” वकील म्हणाला. तो खरोखरचा वकील आहे, लघुवाद न्यायालयात निम्मं आयुष्य भाडेकरूंच्या भांडणात गेलंय. “लिलावात नंबर खडूने घालतात, नाहीतर चिठ्ठी चिकटवतात. ठिपके ठोकत बसायला कोणाला वेळ आहे? आणि मुळात स्वयंपाकाच्या भांड्यावर जप्तीच येत नाही. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 60. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, आणि धर्माने बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना. म्हणजे मंगळसूत्र. बेलिफ यांना हात लावू शकत नाही.”

फर्नूने टोपात डोकावून पाहिलं. “पंचवीस माणसांचा टोप घरचा कसा रे? कायदा घरच्या भांड्यांपुरता असेल.”

इथे वकील अडकला. कलमातली भांडी ऋणकोची, म्हणजे कर्जदाराची, त्याच्या बायकोपोरांची. खानावळवालीचा हा टोप तर गिऱ्हाइकांसाठी. मग तो अवजार धरायचा का? वकील म्हणाला, सुताराचा रंधा तसा हिचा टोप. मास्तर म्हणाले, सुतार कारागीर, पण रांधणाऱ्या बाईला कारागीर म्हणेल असा जज्ज त्या काळात दाखव. यावर पहिला चहा संपला.

माझं म्हणणं वेगळं होतं, आणि अजूनही आहे. हा टोप लिलावापर्यंत पोचलाच नसणार. कोर्टाच्या लिलावाला आधी दावा लागतो, मग हुकूमनामा, मग जप्ती, मग दवंडी. दवंडीसुद्धा उगाच नाही, ढोल वाजवून पुकारा करायचं त्याच संहितेत लिहिलंय. एवढा खटाटोप घर, जमीन, दुकान असणाऱ्यासाठी. अगदी ज्याचं कर्ज त्या सावकारालासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय बोली लावता येत नाही, इतकी काळजी. खानावळवालीचा टोप मात्र एका संध्याकाळी पदराखाली झाकून गहाण पडतो आणि सुटत नाही. त्याची दवंडी कोण पिटणार?

“पण बुडायची का?” शेट्ये म्हणाला. “रोज पंचवीस माणसं जेवतायत, पैसे येतायत.”

“येतायत कुठे?” मास्तर उखडले. त्यांचे आजोबा रत्नागिरीहून येऊन परळला गिरणीला लागले होते, त्यामुळे हा विषय ते घरचा समजतात. “गिरणीत पगार महिन्याचा. आणि महिना भरल्यावर हातात नाही, पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला. नवा माणूस आज लागला तर पहिला पैसा दीड महिन्याने. तोही बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागणारा, असेल तर पुरे दिवस भरतील याची खात्री नाही. तोवर त्याला जेवू कोण घालतं? गिरणीमालक? खानावळवाली मावशीच ना! म्हणजे गिरणी चालायची तीच मुळी मावशीच्या उधारीवर.”

“आणि मावशीला तांदूळ वाणी द्यायचा उधार,” मी म्हटलं.

“वाण्याचं भागवायला सावकार. रुपयाला महिना एक आणा व्याज. कर हिशेब.”

वकिलाने मोबाइल काढायच्या आत फर्नूने केला. सोळा आण्यांचा रुपया, वर्षाचे बारा आणे. शेकडा 75. त्यात दोन गडी संप लागल्यावर न सांगता गावी गेले की संपलं.

शेट्येला हे फार रडकं वाटलं. त्याच्या मते खानावळवाल्या चांगल्या खमक्या होत्या, पैसे बुडवणाऱ्याला गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी गाठायच्या. हेही खरं असेल. खमकी बाईसुद्धा बुडतेच की.

मग गाडी खोल्यांवर गेली. शेट्ये म्हणाला, एका खोलीत तीस-चाळीस गडी, पाळीपाळीने झोपायचे. मास्तरांनी तिथेच पकडलं. “त्या काळात कसली पाळी? रात्रपाळी जोरात आली ती नंतर. 1911 च्या कारखाना कायद्याने कुठे दिवस बारा तासांवर आणला, 1922 च्या कायद्याने आठवडा साठ तासांवर. सगळे एकाच वेळी कामावर, एकाच वेळी परत. म्हणून तर गडी गॅलरीत, जिन्यावर, फुटपाथवर झोपायचे. खोलीत ट्रंका आणि वळकट्या.” 1921 च्या खानेसुमारीत शहरातली शंभरातली चौऱ्याऐंशी माणसं बाहेर जन्मलेली होती. त्याच सुमाराला सरकारने बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी काढल्या. बांधायच्या होत्या पन्नास हजार खोल्या, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळीच्या पाडायला घेतल्या तेव्हा मास्तर मुद्दाम बघून आले होते. तो किस्सा त्यांनी पुन्हा सांगितला, आम्ही पुन्हा ऐकला.

“आमच्याकडे कूड,” फर्नू म्हणाला. कूड म्हणजे कोकणीत खोली. गोव्याच्या एकेका गावाचा मुंबईत एकेक कूड, बरेचसे धोबीतलावच्या आजूबाजूला. बोट मिळेपर्यंत खलाशाने तिथे राहायचं. भिंतीकडेने पेट्या, रात्री जमिनीवर चटई, एका टोकाला आल्तार म्हणजे प्रार्थनेची वेदी, संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हटलीच पाहिजे. “आणि लिलाव हा शब्दही आमच्या वाटेने आला तुमच्याकडे. पोर्तुगीजांचा लेइलांव.”

“आमचा हर्रास होता की!”

“तो अरबांचा. तुमचं स्वतःचं काय आहे?”

“सवाल,” मास्तर म्हणाले. “बोलीला आमच्याकडे सवाल म्हणतात.”

“तोही अरबी.”

मास्तर गप्प. अशी वेळ वर्षातून एकदा येते. फर्नूने तेवढ्यात सांगून घेतलं की गोव्याच्या गावात लोक लिलाव म्हणतच नाहीत, पावणी म्हणतात. गावकीची शेतं तीन-तीन वर्षांसाठी पावणीला निघायची.

शब्दांवरूनच भिशी निघाली. आधी भिशी म्हणजे चारजणांनी मिळून चालवलेलं जेवण, आता पैशांची. शेट्येची मावशी लिलावाची भिशी चालवायची. वीस जणी, हजार-हजार रुपये, वीस हजारांचा गल्ला. ज्या बाईला तातडीची नड ती म्हणणार, मी सतरा हजारच घेते. उरलेले तीन हजार वीस जणींत वाटले, दीडशे-दीडशे. “भांड्याच्या लिलावात बोली वर चढते,” शेट्ये म्हणाला, “आमच्या मावशीकडे खाली उतरायची. जिला गरज जास्त तिला पैसे कमी.” सकाळपासून तो बोलला त्यातलं हे एक वाक्य मला पटलं.

एवढ्यात टपरीवाला अण्णा ग्लास गोळा करायला आला. टोप उलटा करून बघितला आणि म्हणाला, “हा मंडळाचा असणार. आमच्या गावच्या मंडळाची खोली होती, तिथे सगळ्या भांड्यांवर नंबर. लग्नाला नेली की नंबर बघून परत मोजून घ्यायची.”

कोणीतरी बाईने मंडळाला दिलेला टोप, म्हणून तिचं नाव. पुढे मंडळाने नंबर ठोकला, म्हणून वेगळा हात. हे इतकं सरळ होतं की आम्ही पाचजण एकमेकांकडे बघत राहिलो. फक्त नाव कानशीने का घासलं, ते यात बसत नाही. मी ते बोलून दाखवलं. वकील म्हणाला, चोराने घासलं. मास्तर म्हणाले, विकणाऱ्यानेच, जुनं दिसावं म्हणून. माझ्या मते गहाण ठेवायला नेताना बाईने स्वतः घासलं असणार. माझ्या बाजूने कोणीच नव्हतं.

“चला, लिलावच करू,” फर्नू म्हणाला. “चौदाशेला घेतलाय. सरकारी बोली पाचशे! पाचशे एक वार...”

शेट्येचा फोन वाजला. वहिनींचा आवाज कट्ट्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होता. टोप घरात येणार नव्हता.

दोन वार, तीन वार झालं तरी कोणी बोललं नाही. सोमवारी सकाळी चहाला गेलो, तर अण्णाने त्यात पाणी भरून कपबश्या भिजत घातल्या होत्या.