पिझ्झ्याची मोजणी

"सर, टेप आणला का सोबत?"

पंचायत समितीजवळच्या पिझ्झावाल्यानं परवा संध्याकाळी भर दुकानात मला हे विचारलं. कोपऱ्यातल्या टेबलावर यंदा दहावीला येणारी माझीच पोरं बसली होती. त्यातल्या एकाच्या नाकातून कोल्ड्रिंक बाहेर आलं. मीही हसलो, कारण त्या वेळी दुसरं काय करणार? पण आतून अजून चरफडतोय.

झालं एवढंच, की पुण्याची भाची सुट्टीत आमच्याकडं आली आणि वाढदिवसाला तिला पिझ्झाच हवा होता. तालुक्याला पिझ्झ्याची दुकानं दोन. एक एसटी स्टँडसमोर, दुसरं पंचायत समितीजवळ. घरपोच कुणीच देत नाही. म्हणजे गावात देतात, पण आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून उभी राहिलेली वस्ती, नाल्यापलीकडं आहे आणि दोघांच्याही मते नाल्यापलीकडं दुसरं राज्य लागतं. तर जायचं आपल्यालाच, मग निदान बरं कुठलं ते पाहून जावं. विदर्भात उन्हापायी शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. गणिताच्या मास्तरला एवढी सुट्टी द्यायला नको खरं तर.

स्टँडसमोर 10 इंची पिझ्झा 220 रुपयांना. पंचायत समितीजवळ 8 इंची, 300 रुपयांत एकावर एक फ्री. ऐकणाऱ्याला दुसरं स्वस्त वाटतं. 10 इंचाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस इंच, आठाच्या दोघांचं मिळून शंभराच्या जरा वर. रुपयामागं किती पिझ्झा पडतो ते काढलं तर स्टँडवाला थोडक्यात पुढं जातो. पण हे कागदावर. पंचायत समितीजवळ मी सहज म्हणून कच्च्या बेसवर वीत ठेवली. माझी वीत बरोबर आठ इंच आहे, फळ्यावर वर्तुळं काढून काढून ती पाठ झाली आहे. बेस अर्धा इंच कमी भरला. अर्ध्या इंचानं काय होतं असं वाटतं, पण वर्तुळात ते 12 टक्क्यांना पडतं.

म्हणून स्टँडसमोर गेल्यावर मी शेजारच्या लेडीज टेलरकडून टेप मागून घेतला. दुकानदार ओळखीचा, त्याचा चुलतभाऊ आमच्या ले-आउटमध्ये आरओच्या पाण्याच्या कॅन टाकतो. त्यानं बिचाऱ्यानं बेस काढून दिला. सव्वानऊ इंच. "भाजला की फुगते सर," तो म्हणाला. मी नुसतं पाहिलं. "म्हंजे आधी आकसते, मंग फुगते." पाऊण इंच कमी म्हणजे 14 टक्के पिझ्झा हवेत गेला.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"अशी मोजणी राह्यते का सर?"

दुकानाला लागून खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, ठेला आहे. ठेल्यासमोरच्या बाकावर एक काका बसतात. भूमी अभिलेख कार्यालयातून भूकरमापक म्हणून रिटायर झालेले. पन्नीत खर्रा घोटता घोटता ते जगाच्या हद्दी कायम करत असतात. पिझ्झा त्यांनी जन्मात खाल्लेला नाही, पण गावातल्या कुठल्याही मोजणीला आपण नसलो तर ती बेकायदा, अशी त्यांची श्रद्धा आहे.

"काय मोजून रायले?"

"बेस, काका."

"तो दिसते मले. अर्ज कुठी हाय? नियमित मोजणी, का द्रुतगती?"

"भाचीचा वाढदिवस आहे आज."

"मंग द्रुतगती. फी जास्त लागते." त्यांनी पन्नीला गाठ मारली. "अन् लगतच्या खातेदाराले नोटीस देल्ली काय? तो पंचायत समितीवाला हजर पायजे ना. नाई तं उद्या म्हनन, सरनं माह्या पाठीमांगं मोजलं."

मी म्हटलं, त्याच्याकडचं मी आधीच मोजून आलोय.

"कायनं?"

"वितीनं."

काकांनी खर्रा तोंडात सोडायचा थांबवला. "वीत कोर्टात चालत नाई सर."

आता खरं म्हणजे मी निघायला हवं होतं. पण टेलरचा टेप परत द्यायचा होता, टेलर गिऱ्हाइकाच्या ब्लाउजमध्ये अडकला होता, आणि ठेल्यावर दोन-चार माणसं गोळा झाली होती. काकांना लोक गोळा झाले की चढतं.

"सांगा बरं, एका गुंठ्यात किती पिझ्झे बसतीन?"

गणिताच्या मास्तरला असं चारचौघांत विचारलं की तो फसतोच. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. भागाकार केला. "दहा इंची धरले तर दोन हजाराच्या आसपास."

"पोटखराबा वजा केला?"

"कसला पोटखराबा?"

"अहो, पिझ्झा गोल हाय ना! गोलाले गोल लावला तं मधात पडीत रायते का नाई?"

ठेलेवाला कात्री ठेवून माझ्याकडं पाहू लागला. मी हिशेब पुन्हा मांडला. 33 फूट म्हणजे 396 इंच, एका ओळीत 39 पिझ्झे, अशा 39 ओळी. 1521. बाकीची सगळी जागा पडीत. हे मी सातवीच्या पोरांना आजवर कधी इतक्या स्वच्छ शिकवू शकलो नाही, तेही सांगून टाकतो.

"220 च्या भावानं किती झाले?"

"3 लाख 34 हजार. वर काही."

काका उठून उभे राहिले. "आयकलं का रे? गुंठाभर पिझ्झे सव्वातीन लाखाच्या वर! नाल्यापलीकडं सरच्या बाजूले प्लॉट याच्याहून सस्ता पडते! अन् प्लॉट तं दुसऱ्या दिवशी शिळा नाई होत."

"काका, मला एकच पिझ्झा..."

"एक कसा देईन तो? वावरातला एक गुंठा इकाले येते काय? तुकडेबंदी लागते. सत्तेचाळीसचा कायदा हाय. अन् हे पोट्टं," त्यांनी काउंटरवरच्या पोराकडं बोट केलं, "एका पिझ्झ्याचे आठ तुकडे पाडते! कोनाच्या परवानगीनं? प्रांतसायेबाले इचारलं का रे?"

पोरानं हातातलं गोल चाकू खाली ठेवलं. खरंच घाबरलं होतं.

दुकानदाराला मात्र आता राग आला होता, आणि तो काकांवर नाही, माझ्यावर. काका रोजचे. "सर, घ्याचा असन तं सांगा," तो म्हणाला, "नाई तं बेस वाळून रायला."

मी म्हटलं, संध्याकाळी येतो. हे वाक्य गावात कुणी खरं मानत नाही.

टेप परत देऊन घरी येताना मी डोकं दुसरीकडं वळवलं. तिकडं इटलीत नेपल्सच्या पिझ्झ्याचे नियम ठरलेले आहेत. 1984 पासून त्यांची संघटना आहे. व्यास 35 सेंटिमीटरच्या आत, मध्यभागी जाडी जेमतेम चार मिलिमीटर, लाकडाच्या भट्टीत 60 ते 90 सेकंद. पिझ्झा करणाऱ्यांच्या त्या कसबाला युनेस्कोनं 2017 साली वारशाच्या यादीत घेतलं. दीड मिनिटात पिझ्झा! आमच्याकडं दीड मिनिटात पोरगं फ्रीजमधून सिमला मिरची शोधतं. मधली जाडी चार मिलिमीटर सोडा, आमच्या बेसमध्ये चार मिलिमीटरचा नुसता सोडा असेल. आणि कड! 8 इंची पिझ्झ्याला भोवती इंचभर कोरडी कड सोडली, की वर 6 इंचाचं वर्तुळ उरतं. म्हणजे 44 टक्के पिझ्झा हा नुसता पाव. माणूस पिझ्झ्याचे पैसे मोजतो आणि निम्म्याच्या जवळपास बेकरी खातो.

बरं, वरचं चीज तरी चीज असतं का? दुधाची स्निग्धता काढून वनस्पती तेल घातलेला जो माल येतो, त्याला नियमाप्रमाणं चीज म्हणून विकता येत नाही, पाकिटावर अ‍ॅनालॉग लिहावं लागतं. पण पाकीट आपल्याला दिसतं कुठं? ते मागच्या खोलीत फाटतं. पंचायत समितीवाल्याला मी विचारलं होतं, चीज कोणतं वापरतोस. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ सर, मेयोनीज जास्त टाकून देतो."

या मेयोनीजवरून आठवलं. दोन्हीकडं 'एक्स्ट्रा चीज'चे 60 रुपये. आमच्या भागात सोयाबीन होतं. त्याचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, म्हणजे किलोला साडेत्रेपन्न रुपयांच्या आत. पेरा, निंदा, फवारा, काढा, मळणी करा, पोतं भरा, आणि त्या किलोभर दाण्यांत मूठभर पांढरा कीसही येत नाही. तोही हमीभाव हाती पडला तर. ओलावा दाखवून, काडीकचरा दाखवून कापणारे उभेच आहेत. तिथं कुणी टेप घेऊन गेला तर त्याला आत तरी घेतील का? शेतकऱ्याचा माल सगळे मोजतात, बोटांनी, दातांनी, यंत्रानं. शेतकऱ्याच्या पोरानं एक बेस मोजला की त्याची गावभर बातमी होते. असो. पिझ्झ्याबद्दल बोलत होतो.

संध्याकाळी स्टँडसमोरच जायचं मी ठरवलं होतं. माणूस नाराज झालाय, तर त्याच्याकडूनच घ्यावा. सात वाजता गाडीला किक मारली आणि लाईन गेली. जरा वारा सुटला की आमच्याकडं लाईन जाते. तक्रारीचा फोन लावला तर तो तरी व्यस्त, नाही तर उचलतच नाही. स्टँडवाल्याची भट्टी विजेची. इन्व्हर्टरवर त्याचे दोन एलईडी आणि एक पंखा चालतो, त्यात बेस भाजत नाही. अंधारात तो पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता. मी गाडी हळू केली. त्यानं मला पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यानं तोंड फिरवलं, आणि बाकावरून काका ओरडले, "जा जा सर, तिकडं ग्यास हाय!"

पंचायत समितीजवळ गॅसची भट्टी. म्हणून तिकडं गेलो, आणि मग टेपचं ते वाक्य. काकांची बातमी माझ्या गाडीपेक्षा जोरात पळाली होती. पोरं हसून झाल्यावर दुकानदारानं दोन पिझ्झे भट्टीत सारले. "वरून सांबार टाकू का सर?" म्हणाला. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. मी नको म्हणेपर्यंत त्यानं टाकला होता, चांगला मूठभर. मग बिलात डब्याचे 15 रुपये वेगळे, म्हणजे दोन डब्यांचे 30. मी म्हटलं, डबा वेगळा कसा? पिझ्झा काय खिशात घालून नेऊ?

"घरचा टिफिन आणाचा सर. तुमाले माप तं माहीतच हाय."

दहावीच्या टेबलावर पुन्हा खळबळ. 330 दिले आणि निघालो.

घरी भाचीनं डबा उघडला, बोटांनी सगळा सांबार वेचून ताटलीच्या कडेला लावला, प्रत्येक तुकड्याचं टोक खाल्लं आणि कडा ठेवून दिल्या. चव्वेचाळीस टक्के. मी तिला वर्तुळाचं सांगायला लागलो तर बहिणीनं डोळे वटारले. वाढदिवस आहे म्हणे तिचा. आईनं एक कड हातात घेऊन दाबून पाहिली. "हा तं पानगाच हाय," म्हणाली, "गोवरीवर नाई भाजला म्हून कच्चा राह्यला." मग सगळ्या कडा गोळा करून तिनं वरणात कुस्करल्या, वर कच्चं तेल घेतलं, आणि त्या दिवशी पोटभर जेवलेली घरात ती एकटीच.

इथवर ठीक होतं. पण तेव्हापासून आमच्याकडं आरओच्या पाण्याची कॅन आलेली नाही. पारा पंचेचाळिसावर आणि घरात पाहुणे. शेजारी कॅन उतरते, समोर उतरते, गाडी आमच्या फाटकासमोरून हॉर्न देत जाते. शेवटी मी फोन लावला. म्हटलं, अरे बाबा, काय झालं, पैसे बाकी आहेत का माझे?

"नाई ना सर, पैशाचं काई नाई," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "पन आमची कॅन 20 लिटरची म्हंतो आमी. भरते किती, ते तुमी मोजसान. त्यापक्षा पंचायत समितीजवळूनच मागवा ना. तिकडं एकावर एक फ्री हाय."