पिकअपचे चालक-आसन : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या 2005 सालच्या टाटा 207 पिकअपमध्ये भंगारातल्या मोटारीचे चालक-आसन बसवल्याचे माझ्या लेखात वाचून आपण तीन आक्षेप घेतले आहेत : हा बदल बेकायदा आहे, धडक बसल्यास आसन चालकासकट उखडून येईल, आणि कंपनीच्या आसनाला हात लावण्याची मुळात गरजच नव्हती. यांपैकी दुसरा आक्षेप सर्वांत गंभीर असून त्यात माझ्या लेखनाचीही चूक आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आसनाची मजबुती गादीवर नव्हे, खालच्या पत्र्यावर ठरते. समोरून धडक बसली की मागचे बोल्ट वर उपसले जातात आणि पुढचे पाय खाली दाबले जातात. आसनाच्या वजनाच्या 20 पट बल धरले, तर 15 किलोचे आसन बोल्टांना 300 किलोच्या जोराने ओढते. पण अलीकडच्या मोटारींत सीटबेल्टच्या पट्ट्याचे बकल बहुधा आसन ज्यावर पुढे-मागे सरकते त्या रेललाच जोडलेले असते. ते तसेच वापरले, तर 70 किलोच्या माणसाच्या भाराचा मोठा वाटाही त्याच चार बोल्टांवर येतो. म्हणूनच ते बकल काढून टाकून गाडीचा मूळचा पट्टा त्याच्या मूळच्या जागीच ठेवला आहे. हे सारे मी लेखात एका ओळीत उरकले, आणि वर ‘कोणताही वेल्डर अर्ध्या दिवसात हे करून देईल’ असेही लिहिले. ते वाक्य आज काढून टाकले आहे, कारण प्रत्यक्षात दोन दिवस लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिराने रबरी मॅट उचलून मागच्या डाव्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचला, तो आरपार गेला. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, प्रत्येक बोल्टाखाली 75 मिलिमीटर चौरस आणि 5 मिलिमीटर जाड पट्टी घातली, आणि बोल्ट 8.8 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, घेतले. रेलची भोके जुळत नव्हती, शिवाय या आसनाचे पुढचे आणि मागचे पाय सारख्या उंचीचे नव्हते. त्यासाठी आडवे अँगल टाकावे लागले.

कायद्याविषयी आपली सावधगिरी योग्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते काटेकोरपणे वाचले. आमच्या आरसीवर चालकासह 3 आसने आहेत, म्हणून शेजारच्या दोघांच्या बाकाचा केवळ फोम बदलला. स्वस्तात जोडी मिळते म्हणून बाक काढून तेथे मोटारीचे एकच आसन बसवणारे मी पाहिले आहेत. ते मलाही मान्य नाही. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाचे पासिंग दरवर्षी होते. निरीक्षकांनी हरकत घेतलीच, तर जुने आसन जपून ठेवले आहे आणि त्याची चारही भोके शाबूत आहेत.

गरज नव्हती, हे मात्र मला मुळीच पटत नाही. आमचे चालक, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, गुळाचे रवे भरून आंबा घाट उतरतात. जुन्या आसनातला काथ्या दबून स्प्रिंगा टोचू लागल्यामुळे ते घडी घातलेल्या पोत्यावर बसत. जोरात ब्रेक लागला की पोते पुढे सरकते, माणूसही सरकतो, आणि कमरेवरचा पट्टा पोटावर चढतो. वीस वर्षांनंतर त्या आसनात कंपनीचे म्हणावे असे फारसे काही उरले नव्हते.

आपली प्रतिक्रिया वाचून रविवारी गाडीखाली जाऊन पाहिले. नट सैल झाला तर कळावे म्हणून बसवताना प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली होती. तीन रेघा जुळल्या; मागच्या डाव्या नटाची मात्र तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती. तो नट बदलून सहजी सैल न होणारा, नायलॉनच्या कड्याचा बसवला आहे, आणि उरलेले तीनही या आठवड्यात बदलणार आहे.