का बरे चाललात?

विंडोज १० फुकट मिळण्याची सोय २९ जुलै २०१५ रोजी सुरू झाली आणि "मामा, फुकटाचे सोडू नये" असे म्हणत भाच्याने फोंड्याच्या आमच्या घरातील विंडोज ७ वर सुखाने चाललेल्या संगणकाचे लगोलग स्थित्यंतर घडवून आणले. पडदा देखणा झाला, हे मान्यच करायला हवे. मात्र देवळातील उत्सवी नाटकाची हस्तपत्रके मी ज्या जुन्या मराठी टंकलेखन प्रणालीत करीत आलो, तिची किल्ली म्हणजे पाठीमागे प्रिंटरच्या खोबणीत खुपसायचा एक ठोकळा, आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो ठोकळा संगणकाला ओळखू देणारी आज्ञावली, नव्या विंडोजच्या ओळखीचा नव्हता. चवथ (गणेशचतुर्थी) १७ सप्टेंबरला येऊन ठेपली होती; कोणाचे नाव कोणाच्या वर छापायचे यावर नटमंडळींचे भांडणही आटोपले होते.

परतण्याची सोय होती, पण मुदतीची. जुने विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात पडून असे आणि तेव्हा ३० दिवसांनी आपोआप पुसले जाई. (पुढच्या वर्षी ही मुदत १० दिवसांवर आली, तेवढ्यात आमच्या मंडळाची बैठकसुद्धा ठरत नाही.) त्यातच चवथीपूर्वीच्या साफसफाईचे वारे घरात शिरले. पत्नी माळ्यावरची भांडी उतरवीत असताना भाच्याला संगणकही झाडण्याची हुक्की आली आणि डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' या ओळीवर खूण करण्यापर्यंत, म्हणजे परतीची वाटच पुसण्यापर्यंत, त्याची मजल गेली. मी त्याला चिंच देऊन समया घासायला बसवले.

सेटिंग्जमधील 'रिकव्हरी'त 'गो बॅक टू विंडोज ७' हे बटण होते. ते दाबताच, जेवल्यावाचून उठू न देणाऱ्या यजमानीणबाईंप्रमाणे, संगणकाने का बरे चाललात अशी चौकशी आरंभली. कारणांची यादीही त्यानेच पुढे केली: उपकरणे चालत नाहीत, जुने सोपे वाटत होते, जुने वेगवान होते, इत्यादी. पुढे जाताना यातले काहीही विचारले नव्हते! मग नवे अपडेट तपासून पाहता का, अशी विनवणी. मग नंतर घातलेले प्रोग्रॅम जातील, ही तंबी. आणि शेवटी जुना पासवर्ड आठवतो ना, हा वर्मावर बोट ठेवणारा प्रश्न. तो पासवर्ड पत्नीने वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवरून वाचून दाखवला. काम चालू असताना वीज जाऊ नये म्हणून मी मनोमन नवस बोललो, कारण पावसाळ्यात आमच्याकडे विजेची मर्जी सांभाळूनच सगळे करावे लागते.

विंडोज ७ उगवले, ठोकळा ओळखला गेला, पहिले हस्तपत्रक छापून निघाले. तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चिमुकले चिन्ह उमटले: विंडोज १० आपल्यासाठी अजूनही मोफत आहे. समया घासून भाचा हात धुवायला गेला होता. तो परतायच्या आत मी ते चिन्ह आणणारे अपडेट काढून टाकले.