लोहाची गोळी घ्या, पॉझिटिव्ह राहा!

घरात गोड बातमी आहे? अभिनंदन! आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना पाळायची पथ्यं ऐकून ठेवा. अनुभव ताजा आहे, बायकोला सध्या एकोणिसावा आठवडा चालू आहे.

पहिलं पथ्य, काही विचारायचं नाही. बाहेर चाळीस बायका ताटकळत असतात. 'डॉक्टर, जेनेटिक तपासणी काही...' एवढं तोंडातून निघालं की चष्म्यावरून बघत प्रश्न येतो, 'गूगल केलंत वाटतं?'

वय पस्तिशीच्या आत ठेवा, म्हणजे डबल मार्करचा, म्हणजे बाळात डाउन सिंड्रोमसारख्या दोषाची शंका सांगणाऱ्या रक्तचाचणीचा, विषयच निघत नाही. निघालाच तर चौदा आठवडे उलटल्यावर निघतो, 'आता उशीर झाला, आधी यायचं ना!' आपण सहाव्या आठवड्यापासून येतोय, हे बोलून दाखवायचं नाही.

आडनाव मराठी असावं. थॅलेसेमिया, म्हणजे आईबापांच्या जनुकांतून येणारा रक्ताचा आजार, याचं नाव काढलं की उत्तर तयार असतं. 'थॅलेसेमिया सिंधी-गुजराती लोकांत असतो हो, तुमच्यात नाही.' जनुकं जातीचा दाखला तपासूनच आत शिरतात, हे आम्हाला नव्यानेच कळलं.

कायद्याचं नाव निघालं की गप्प बसा. १९९४ चा कायदा गर्भलिंगनिदानाला बंदी घालतो आणि जनुकीय दोषांच्या तपासणीला परवानगी देतो, पण भिंतीवरच्या पाटीत यातलं अर्धंच मावतं.

आणि लोहाची गोळी. ती श्रद्धेने घ्यायची. हिमोग्लोबिन ९.९ आलं, गोळी सुरू. महिन्याने ९.८, गोळी दुप्पट. पुढच्या महिन्यात पुन्हा ९.८, तर 'खाण्यात बीट-खजूर वाढवा, आणि गोळ्या नियमित घेताय ना?' बायको बिचारी बद्धकोष्ठाने रडकुंडीला आलेली, वर खोटारडी ठरली. त्याच कागदावर दोन ओळी खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ६४ छापलेलं होतं, शेजारी ठळक अक्षरात 'लो'. आरबीसी, म्हणजे लाल पेशींची संख्या, ५.१. चौसष्टला पाच पूर्णांक एकने भागायचं, उत्तर तेराच्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आजाराचा नुसता वाहक असल्याची, शंका घ्यायची. चौथीतला भागाकार आहे हो! तीन महिने कोणी केला नाही. सतराव्या आठवड्यात मोठ्या मॅडम सुट्टीवर होत्या म्हणून एका शिकाऊ मुलीने कागद हातात घेतला आणि विचारलं, 'एचबीए-टू केलं नाही का?' केलं. मायनर ओळखायची रक्तचाचणी आहे ती. ५.४ टक्के आलं. साडेतीनच्या आत हवं होतं.

मग माझं रक्त. नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल मेजर असण्याची, म्हणजे जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं. माझा रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आम्ही एकमेकांशी भाजी काय आणायची एवढंच बोललो. गर्भजल तपासणी, तिच्या डीएनए रिपोर्टची वाट, मग गर्भपात करायची वेळ आली तर चोवीस आठवड्यांच्या आत काय, पुढे मेडिकल बोर्ड काय, हे सगळं मी रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचत होतो. होय मॅडम, गूगलवर.

माझं २.६ आलं. नॉर्मल. त्यावर सुट्टीहून परतलेल्या मॅडम हसून काय म्हणाल्या? 'बघा, उगाच टेन्शन घेतलंत.'

उगाच? मॅडम, आमचं नशीब होतं ते, तुमचं निदान नव्हे. माझं रक्त वेगळं निघालं असतं तर सतराव्या आठवड्यात तुम्ही काय सांगणार होतात, बीट खा? काहीशे रुपयांची तपासणी आहे ती, पहिल्या भेटीत लिहायला एक ओळ लागते. लग्नाआधी नाही, तर निदान दिवस गेल्यावर तरी तुम्ही सांगायला नको? फॉलिक अ‍ॅसिड विसरत नाही, सोनोग्राफी विसरत नाही, पुढच्या भेटीची फी तर मुळीच विसरत नाही. आम्हाला एचबीए-टू माहीत नसतं, म्हणूनच तर तुमच्याकडे येतो ना! आणि माहिती करून घेऊन आलो तर गूगलचा टोमणा मारता!

मेव्हणीचं लग्न ठरतंय. तिचं रक्त आम्हीच तपासून घेतलं. तीही मायनर निघाली. तीन वर्षं लोहाच्या गोळ्या खातेय, तुमच्याच चिठ्ठीवर.