‘येशूला मारलं म्हणून इंजिनिअर चिडले’: प्रोमिथियसबद्दलचा हा दावा का टिकत नाही

रिडली स्कॉटच्या २०१२ सालच्या ‘प्रोमिथियस’चा एक अर्थ इतका फिरलाय की आता तो चित्रपटातलाच संवाद असल्यासारखा सांगितला जातो. तो असा: इंजिनिअर नावाच्या परग्रहवासीयांनी माणूस घडवला. माणसं हाताबाहेर गेली तेव्हा त्यांनी आपला एक दूत पृथ्वीवर पाठवला, तो म्हणजे येशू. माणसांनी त्याला क्रुसावर चढवलं. त्या रागातून इंजिनिअरांनी काळ्या द्रवाने भरलेलं जहाज पृथ्वीकडे न्यायचं ठरवलं. या मांडणीच्या बाजूने जे पुरावे दिले जातात ते एकेक करून तपासू.

‘मेलेला इंजिनिअर बरोबर दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.’ दाव्याचा सगळा भार या आकड्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. ‘प्रोमिथियस’ जहाजातून एल.व्ही.-२२३ या चंद्रावर गेलेल्या माणसांना दाराखाली मुंडकं तुटलेला इंजिनिअर सापडतो. त्याच्यावर कार्बन मोजणारं उपकरण धरतात आणि उत्तर येतं, अंदाजे दोन हजार वर्षं. ‘अंदाजे’ हा शब्द संवादातच आहे. ‘बरोबर’ हा मागाहून चिकटवलेला आहे. त्यातून कार्बन-१४ची पद्धत पृथ्वीसाठी बसवलेली आहे. कार्बन-१४चा अर्धायुकाल ५,७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. जीव मेला तेव्हा त्याच्यात कार्बन-१४चं प्रमाण किती होतं हे माहीत असेल तरच त्यावरून वय काढता येतं. पृथ्वीवर ते प्रमाण झाडांच्या वर्षवलयांवरून पडताळलेलं आहे. एल.व्ही.-२२३च्या हवेत नायट्रोजन ७१ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांहून जास्त, असं चित्रपटातच सांगितलंय. आपल्याकडे कार्बन डायऑक्साइड ०.०५ टक्क्याच्याही आत आहे. शिवाय तो इंजिनिअर कुठल्या ग्रहावर वाढला, काय खात होता, हेही ठाऊक नाही. सुरुवातीचं प्रमाण नुसतं दहा टक्क्यांनी वेगळं धरलं तरी वयात सुमारे ८०० वर्षांचा फरक पडतो. निम्मं धरलं तर थेट ५,७३० वर्षांचा. एवढ्या ढिल्या आकड्यावर एका विशिष्ट माणसाच्या मृत्यूची तारीख टांगता येत नाही.

आणि समजा आकडा अचूक आहे. तरी तो कशाचा आहे? तळावर साथ पसरली आणि इंजिनिअर मेले, त्या दिवसाचा. हल्ल्याचा निर्णय कधी झाला याचा तो पुरावा नाही. तो तळ, त्यातली भुयारं, भल्यामोठ्या दगडी मुखवट्यासमोर रांगेने मांडलेले द्रवाचे घडे, हे सगळं त्याच्या आधी उभं राहिलेलं असणार. शिक्षा करायचं ठरलं, तळ बांधला, द्रव बनवला, जहाज भरलं आणि तेवढ्यात अपघात झाला, हे सगळं क्रुसानंतरच्या थोड्याशा काळात बसवावं लागतं. चित्रपट तसं कुठेच सुचवत नाही.

‘मग आपल्याला बोलावलं कशाला?’ हा प्रश्न दाव्याचे समर्थक स्वतःच विचारतात आणि उत्तर देतात की आमंत्रण आधीचं, राग नंतरचा. इथे त्यांचीच मांडणी त्यांच्या अंगावर येते. २०८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या गुहेत शॉ आणि हॉलोवे या पुरातत्त्वज्ञांना जे चित्र सापडतं ते ३५,००० वर्षांपूर्वीचं आहे. त्यात दाखवलेला ताऱ्यांचा समूह इजिप्त, माया, सुमेर, बॅबिलोन, हवाई इथल्या चित्रांतही येतो, आणि ज्याला ते दोघं आमंत्रण समजतात तो नकाशा आपल्याला नेतो याच एल.व्ही.-२२३कडे. त्यांच्या घरी नव्हे. कॅप्टन जॅनेक ते नेमकं ओळखतो: हे घर नाही, हा लष्करी तळ आहे, आणि इतकं घातक काही स्वतःच्या दारात बनवू नये म्हणून तो आडबाजूला ठेवलाय. म्हणजे जॅनेकचं आणि नकाशाचं दोन्ही खरं धरलं, तर येशूच्या ३३,००० वर्षं आधीच आपल्या हातात शस्त्रागाराचा पत्ता होता. तो पत्ता कोणी आणि कशासाठी दिला, हे कोडं चित्रपटात खरोखरच आहे. पण ‘दूत मारला म्हणून राग’ या उत्तराने ते सुटत नाही, उलट आणखी अवघड होतं. तेव्हा तो तळ नव्हता, नंतर झाला, असं म्हणता येईल. पण मग तेही दाखवायला हवं.

‘काळा द्रव हे शिक्षेचं शस्त्र आहे.’ चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात एक इंजिनिअर धबधब्याच्या काठावर उभा राहून काळा द्रव स्वतः पितो. त्याचं शरीर विरघळतं, डी.एन.ए.ची साखळी तुटते आणि पाण्यात पडून नव्याने जुळू लागते. तळावर हाच द्रव किंवा याचाच भाऊबंद दर वेळी वेगळं काही करतो. जमिनीतल्या अळ्यांचे सापासारखे प्राणी होतात. मोहिमेतला फिफील्ड बदलून हिंसक होतो. हॉलोवेच्या पेल्यात डेव्हिड हा मोहिमेवरचा कृत्रिम माणूस एक थेंब टाकतो, तर हॉलोवे आतून सडू लागतो आणि शॉच्या पोटात परका जीव वाढतो. ज्याच्या शरीरात जाईल त्याचं रूप मोडून नवं काही घडवणारा हा पदार्थ आहे. म्हणून डेव्हिडच्या त्या वाक्याला वजन आहे. जहाज पृथ्वीकडे निघालं होतं हे कळल्यावर शॉ विचारते, का? तो म्हणतो, घडवण्यासाठी कधी कधी आधी नष्ट करावं लागतं. डेव्हिडवर विश्वास ठेवावा असं त्याचं वागणं नाही, हे मान्य. पण इंजिनिअरांची यंत्रं चालवलेला आणि त्यांचा तारकानकाशा उघडून पाहिलेला तोच एक आहे, आणि त्याच्या उत्तरात शिक्षा हा शब्द नाही.

इथेच आणखी एक गृहीतक नीट पाहायला हवं: ‘ते’ म्हणजे एकच गट. धबधब्यावरच्या इंजिनिअरच्या अंगावर साधं वस्त्र आहे आणि त्याला सोडून जाणारं जहाज तबकडीसारखं आहे. तळावरच्यांच्या अंगावर हाडांसारखे पोशाख आहेत आणि जहाज घोड्याच्या नालेच्या आकाराचं. तो पहिला ग्रह पृथ्वीच असला पाहिजे असं नाही, हे स्कॉटने स्वतः सांगितलंय. ती पृथ्वी असली आणि तो जीवसृष्टीचा आरंभ असला, तर मधे किमान ३५० कोटी वर्षं जातात. इतक्या काळात ‘त्यांचं’ मन एकसंध राहिलं असं धरणं धाडसाचं आहे.

‘हे दिग्दर्शकानेच सांगितलंय.’ अर्धंच. २०१२च्या एका मुलाखतीत स्कॉटने रोमन साम्राज्य, पाठवलेला दूत आणि क्रूस ही कल्पना बोलून दाखवली. त्याच ओघात, ती विचारात होती पण फारच ढोबळ वाटली म्हणून सोडली, हेही सांगितलं. दाव्यासोबत पहिला भाग फिरतो, दुसरा गळून पडतो. टाकून दिलेली कल्पना पडद्यावरच्या कथेचा पुरावा होत नाही.

शॉच्या गळ्यातला क्रूस, जहाजावरचं नाताळाचं झाड, मूल होऊ न शकणाऱ्या बाईची गर्भधारणा: या ख्रिस्ती खुणा आहेतच. त्या शॉच्या श्रद्धेबद्दल बोलतात, इंजिनिअरांच्या हेतूबद्दल नाही.

‘जागा झालेला इंजिनिअर आपल्याला पाहताच द्वेषाने मारतो.’ तो प्रसंग हळू करून पाहा. तो उठतो आणि समोरच्यांकडे बघत राहतो. शॉ ओरडून विचारते की आम्ही काय चूक केली. मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या म्हाताऱ्या वेलँडचा माणूस तिच्या पोटात बंदुकीचा दस्ता मारतो. ती वाकते, इंजिनिअर तिच्याकडे पाहतो. मग डेव्हिड त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतो, आणि चित्रपट त्या बोलण्याला उपशीर्षक देत नाही. इंजिनिअर डेव्हिडच्या डोक्यावर हात ठेवतो, जवळजवळ मायेने, आणि त्यानंतर ते उपटतो. म्हणजे हल्ल्याआधी त्याने तीन गोष्टी पाहिल्या: एका माणसाने दुसऱ्याला मारलं, माणसांनी आपल्यासारखाच एक कृत्रिम माणूस बनवला, आणि मरणाच्या दारातला एक म्हातारा काहीतरी मागायला आला. यातलं कशाने तो उसळला हे प्रेक्षकाला मुद्दाम सांगितलेलं नाही. वगळलेल्या लांब प्रसंगात तो उलट बोलतो, माणसं इथे का आली हे विचारतो. आधीच संतापलेला कोणी असं विचारत बसत नाही.

हेतूबद्दल चित्रपट सगळ्यात स्पष्ट बोलतो तो हॉलोवे आणि डेव्हिडच्या संवादात. डेव्हिड विचारतो, तुम्ही मला का बनवलंत? हॉलोवे म्हणतो, बनवता येत होतं म्हणून. मग डेव्हिड विचारतो की तुमच्या निर्मात्याकडून हेच उत्तर मिळालं तर किती निराशा होईल, कल्पना करा. दाव्याच्या समर्थकांनी हा प्रसंग बाजूला ठेवणं मला सर्वांत खटकतं. रागावण्यासाठी निर्मात्याला आपली पर्वा असावी लागते, आणि ती पर्वा होती का, हाच इथला प्रश्न आहे.

पुढच्या भागात, २०१७च्या ‘एलियन: कॉव्हेनंट’मध्येही, उत्तर नाही. तिथे डेव्हिड इंजिनिअरांच्या ग्रहावर तोच द्रव सोडतो आणि विचारायला कोणी उरतच नाही.

दावा उभा करायचाच असेल तर तळावर पृथ्वीवरून गेलेली एखादी वस्तू दाखवा, तळावरची जुनी घटना दाखवणाऱ्या होलोग्राममध्ये धावणाऱ्या इंजिनिअरांच्या तोंडी परतलेल्या किंवा मेलेल्या दूताचा उल्लेख दाखवा, नाहीतर भिंतीवरच्या चित्रांत माणसाच्या गुन्ह्याची एखादी खूण दाखवा. शेवटी, १ जानेवारी २०९४ला, शॉ त्यांच्या घराच्या दिशेने निघते ती त्यांनी विचार का बदलला हे विचारायला. तळावर दिसेल ते सगळं पाहूनही तिला ते कळलेलं नसतं.